दर्यापूरचा थांबा

बाबा एसटीत कंडक्टर होते. अकोला-दर्यापूर-अंजनगाव, हीच गाडी वर्षानुवर्षं. अर्धांगवायूनंतर दर्यापूरच्या घरून त्यांना मी अकोल्याला माझ्याकडे आणलं. तिसरा मजला, लिफ्ट नाही. चौघांनी खुर्चीत बसवून वर चढवलं आणि डॉक्टर म्हणाले, आता हलवू नका. झालं! खिडकीतून समोरच्यांची पाण्याची टाकी तेवढी दिसायची.

त्यांचा एकच धोशा, "मले घरी ने." मी रोज म्हणायचे, "नेते न बाबा," आणि रोज खोटी पडायचे.

दुपारी मी त्यांना कादंबरी वाचून दाखवायचे. त्यातला माणूस गावाहून निघाला आणि पुढच्याच ओळीत मुंबईत पोचला, की बाबा खवळायचे. "काहून वो? उडून गेला का थो? मधातली गावं कुठी गेली?" लिहिणाऱ्यांचं बरं असतं, एक ओळ लिहिली की माणूस पोचला. मग मीच मनानं थांबे घालू लागले. बाबा चांगल्या हातातली अंगठी पलंगाच्या नळीवर वाजवायचे. गाडीत दोरी ओढून घंटी द्यायचे, तसंच. एक टोला पडला की मी थांबायचं, दोन पडले की पुढं वाचायचं. आमचं मस्त जमलं होतं.

एके दिवशी मला नको ती हुशारी सुचली. कादंबरीतल्या माणसाला मी बाबांच्याच गाडीत बसवलं. म्हैसांग गेलं, पूर्णेचा पूल गेला. बाबांचा चेहरा असा खुलला, की मला आवरतं घेववेना. दर्यापूरचा स्टँड आला. एक टोला पडला.

मी पुढच्या दोन टोल्यांची वाट पाहत बसले. बाबांनी पांघरूण सारलं आणि चांगला पाय पलंगावरून खाली सोडला.

"उतराचं हाय मले."

"बाबा, गोष्ट हाय ही."

"मालूम हाय मले. स्टँडवरून घर जवळच हाय. उतरू दे न माय."

काय करणार होते मी? त्यांचा पाय उचलून गादीवर ठेवला, पुस्तक तोंडासमोर धरलं आणि वाचू लागले. पानावर यातलं काहीच नव्हतं. एक टोला पडला. मी वाचत राहिले. बऱ्याच वेळानं पुन्हा एकच. मला रडू फुटत होतं, म्हणून मी आणखी मोठ्यानं वाचलं आणि गाडी पुढं काढली.

अंजनगाव, गाडीचा शेवटचा थांबा, आलं तेव्हा त्यांनी अंगठीचा हात माझ्यापुढे केला. दुसऱ्या हातानं त्यांना अंगठी काढता येत नव्हती.

"काढून घे," म्हणाले.