जुन्या डिस्कवरची वाट

संगणकाची प्रणाली बनवणाऱ्या कंपनीला मी दोन पत्रे पाठवली होती. धडधाकट चालणारे यंत्र, केवळ तुमची नवी प्रणाली त्यावर बसत नाही म्हणून, भंगार ठरवण्याचा अधिकार तुम्हाला कोणत्या कायद्याने दिला, असा माझा साधा प्रश्न होता. उत्तर आले नाही. तेव्हा पेणच्या बाजारातील एका दुरुस्तीवाल्याकडून मी त्याच यंत्रात दुसरी डिस्क बसवली, तिच्यावर लिनक्स ही मोफत प्रणाली घालून घेतली आणि जुनी डिस्क होती तशी आत राहू दिली. कंपनीला धडा शिकवल्याचे समाधान मला काही महिने पुरले. रोह्याच्या सुनावणीच्या आदल्या दिवशी मात्र ते पार उतरले.

सुनावणी माझ्या धाकट्या बहिणीची होती. रोह्याजवळ तिचे भाताचे शेत आहे. भात निघाले की जमिनीत ओल असेपर्यंत तिथे वाल पेरायचे, हा तिचा दरवर्षीचा क्रम. शेतात जाण्याची वाट शेजाऱ्याच्या बांधावरून जाते. त्या वर्षी शेजाऱ्याने तिथे काटेरी तार ओढली आणि इथे वाट कधी नव्हतीच, असे तहसीलदारांपुढे लेखी दिले. नकाशात वाट दाखवलेली नव्हती. गावातले कोणी साक्षीला उभे राहीना. ट्रॅक्टर आत जात नव्हता आणि जमीन रोज थोडी थोडी सुकत होती. आठवडा गेला असता तर तिचा हंगामच गेला असता.

आमच्याकडे एकच पुरावा होता. काही वर्षांपूर्वी त्याच शेतात आम्ही पोपटी लावली होती. वालाच्या शेंगा आणि बटाटे भांबुर्ड्याच्या पाल्यासह मडक्यात भरून, मडके पालथे घालून भोवती जाळ केला होता आणि मी कॅमेऱ्याने त्याचे चित्रण केले होते. तेव्हा शेजाऱ्याचे आमच्याशी बरे होते. भांबुर्ड्याचा भारा त्यानेच मोटारसायकलवरून आणला होता, तोही याच वाटेने. ते चित्रण जुन्या डिस्कवर होते.

दुपारी बहीण कागदपत्रे घेऊन पेणला आली. मी जुन्या डिस्कच्या चिन्हावर कळ दाबली. यंत्राने परवलीचा शब्द मागितला. तो दिल्यावर उत्तर आले, की ही डिस्क जोडता येत नाही. जुनी प्रणाली पूर्ण बंद न करता निद्रावस्थेत सोडलेली आहे, सबब डिस्क असुरक्षित स्थितीत आहे.

माझ्याच घरात, माझ्याच मालकीच्या वस्तूत मला प्रवेश नाकारला गेला होता. माझा संताप अनावर झाला. दुरुस्तीवाल्याला फोन लावला. तो कुणाच्या लग्नाला गेला होता आणि त्याचा फोन बंद होता.

"दादा, ओरडून उघडणार हाय का ती?" बहीण म्हणाली. "खाली काय लिवलंय ते वाच."

खालच्या सूचनेप्रमाणे डिस्कांची व्यवस्था पाहणारी एक खिडकी मी उघडली. तिच्या यादीत 'दुरुस्त करा' आणि 'फॉरमॅट करा' हे दोन पर्याय एकमेकांना खेटून होते. दुसऱ्याने सगळे पुसले जाते, एवढे मला ठाऊक होते. मी माउस सोडून दिला.

"दुरुस्त कर म्हणतंय ना? मंग कर."

"दुरुस्ती म्हणजे डिस्कवर काहीतरी नव्याने लिहिणे. सुनावणीच्या आदल्या दिवशी पुराव्यात फेरफार केला, असे उद्या शेजाऱ्याचा वकील म्हणाला तर?"

"त्याला वकील नायच हाय."

"म्हटले तर, म्हणतो मी."

इंटरनेटवरील मदतीची पाने मी ओळीने वाचली. त्यांपैकी एकावर मार्ग होता. डिस्क केवळ वाचनासाठी जोडायची, म्हणजे आतले पाहता येते पण एक अक्षरही बदलता येत नाही. ज्या बंधनावर एरवी मी तक्रारअर्ज केला असता, तेच मला हवे होते. आज्ञेची ती एक ओळ मी कागदावर उतरवली, तीनदा ताडून पाहिली आणि मगच टंकली. डिस्क उघडली. पोपटीची फाइल तिथे होती.

ती चालवली तर पडदा काळाच राहिला. आवाज तेवढा येत होता. जाळ तडतडत होता, कुणीतरी हसत होते, मग मोटारसायकलचा आवाज आणि शेजाऱ्याचा खणखणीत गळा, "आली का नाय गाडी थेट मडक्यापाशी?"

"त्योच!" बहिणीने माझा दंड धरला.

"पण दिसत नाही ना. तो कुठून आला, हे नुसत्या आवाजावरून कोण मानेल?"

चित्र उलगडणारा एक घटक यंत्रात नव्हता. तो मोफत मिळत होता, परंतु त्याच्या माहितीत एक इशारा होता, की काही देशांत याच्या वापरावर कायदेशीर निर्बंध असू शकतात. मी थांबलो. कायद्याचे राज्य मागायला जाणाऱ्या माणसाने आदल्या दिवशी बेकायदा साधन वापरावे, हे मला पटेना. खुलासा मागवण्यासाठी मी पत्राचा मायना लिहायला घेतला.

बहिणीने कागद माझ्या हातातून काढून घेतला. "तुझ्या पत्राला उत्तर येईस्तो माझे वाल पेरून, उगवून, वाळून जातील! आपल्या देशात बंदी हाय का, तेवढं सांग."

"तसे स्पष्ट म्हटलेले नाही."

"मंग दाब."

जे निषिद्ध नाही ते करता येते, हे तत्त्व मला मान्य होतेच. मी दाबले. तिच्या मोबाइलच्या इंटरनेटवर तो घटक रखडत उतरला. फाइल पुन्हा चालवली. मी मूर्खासारखा नुसता जाळ चित्रित केला होता. मडके, धूर, पुन्हा मडके. गाडीचा आवाज आला तेव्हा कुठे कॅमेरा वळला. दोन शेतांमधली मोकळी वाट, तिच्यावर चाकांच्या जुन्या खुणा आणि मधोमध भारा बांधलेली त्याची गाडी.

"पेनड्राइव्हवर घे आता," बहीण म्हणाली.

"प्रत ती प्रत. मूळ अभिलेखच हजर करायचा."

"मंग उद्या मला पण नेशील, का माझी प्रत?"

दुसऱ्या दिवशी संगणकाचा डबा चादरीत बांधून आम्ही रोह्याच्या गाडीत बसलो. डबा माझ्या मांडीवर होता. नागोठण्यापर्यंत प्रत्येक धक्क्यासरशी मला आतली डिस्क निखळल्याचा भास होत होता. कचेरीतील पडदा जोडून मिळाला, पण यंत्र नव्याने सुरू झाल्यामुळे डिस्क पुन्हा जोडायची होती. तहसीलदार साहेबांच्या डोळ्यांदेखत मी ती ओळ टंकू लागलो. दोनदा चुकलो.

"काका, पिच्चर कधी लागायचा?" शेजारी मागून म्हणाला. दोघे-तिघे हसले.

पिक्चर लागला. साहेबांनी तो शेवटपर्यंत पाहिला आणि विचारले, "हा आवाज आपला?"

"माझाच. पण तवा आमचं बोलणं व्हतं."

त्याला कळले नव्हते, पण त्याच्या हाती सर्वांत धारदार बचाव लागला होता. मैत्रीखातर, परवानगीने वापरू दिलेल्या वाटेवर हक्क सांगता येत नाही. साहेबांनाही ते कळले असावे. त्यांनी पेन उचलून विचारले, "म्हणजे यांना आपण परवानगी दिली होती?"

हो म्हणाला असता तर आम्ही तिथेच संपलो असतो. पण परवानगीसारखा कचेरीतला शब्द आपल्या तोंडी घातला जातोय, याचाच त्याला राग आला. "परवानगी कसली, साहेब? आमच्या आज्यापासून सगळेच तिथून जातात. कोण कुणाला इचारतो?"

"लिहून घ्या," साहेब कारकुनाला म्हणाले.

अंतिम निर्णय होईपर्यंत तार काढून वाट खुली ठेवावी, असा अंतरिम आदेश झाला. अंतरिम म्हणजे काय ते मला कळते. अपील होईल आणि त्या वेळी त्याच्या शेजारी वकील असेल. तो बचाव वकिलाला सुचण्यास कितीसा वेळ लागणार, याच विचारात मी डबा छातीशी धरून पायऱ्या उतरत होतो. बहीण खाली पोहोचलीसुद्धा होती. ट्रॅक्टरवाल्याशी फोनवर बोलताना तिचा आवाज अर्ध्या आवाराला ऐकू जात होता.

"ओल हाय रे अजून. उद्या नाय, आजच ये. व्हय, वाटंनंच ये."