वही पोचली नाही

हे मी बायकोलाही सांगितलं नाही. ती गेली तेव्हा आमच्या संसाराला चाळीस वर्षं झाली होती. माझ्या दाढदुखीपासून माझ्या आईच्या स्वभावापर्यंत तिला सगळं ठाऊक होतं — हे तेवढं नव्हतं. मुलांना सांगायचा तर प्रश्नच नाही. त्यांच्या लेखी मी वाङ्मयाचा व्यासंगी, निवृत्त मुख्याध्यापक वगैरे आहे. तुम्ही अनोळखी, म्हणून तुम्हाला सांगतो. म्हणजे हीसुद्धा पुन्हा माझी सोयच झाली, नाही का?

गोष्ट एका वहीची आहे. तुम्ही म्हणाल, वहीच ना? मलाही तसंच वाटावं म्हणून मी बरीच वर्षं खटपट केली.

महाराष्ट्र राज्य होऊन दोन-तीन वर्षं झाली होती. मी पिंपळगाव राजाच्या शाळेत मराठी शिकवत होतो. आमच्याकडे शिकलेल्या माणसांची तोंडं आधी नागपूरकडे असायची, ती आता मुंबई-पुण्याकडे वळली होती. आणि तिकडचा माणूस आमचं बोलणं ऐकून गालातल्या गालात हसतो, हे आम्हाला फार लवकर कळलं. मी तर घरातसुद्धा ‘मले’ म्हणायचं सोडलं. आई म्हणायची, “काय झालं बे तुले, भटासारखा काऊन बोलून राह्यला?”

मला कादंबऱ्यांचं वेड होतं. साध्यासुध्या नव्हे — जिच्यात काहीच घडत नाही अशी लोकांची तक्रार असते, जी दोनदा वाचल्याशिवाय हाती लागत नाही, तसल्या. पण वाचून बोलायचं कोणाशी? गावात कादंबरी वाचणारा माणूस एकतर आजारी, नाहीतर रिकामटेकडा. जिल्हाभर शोधून मला माझ्यासारखे तिघे सापडले. एक मेहकरकडचा कंपाउंडर, एक खामगावच्या जिनिंगमधला कारकून आणि एक धामणगाव बढ्याचा शिक्षक. आम्ही एक वही काढली. कादंबरीची प्रत एकच, वही एकच. दोन्ही एका कापडात शिवून टपालानं फिरायच्या. ज्याच्याकडे पुडकं येईल त्यानं पंधरा दिवसांत वाचायचं, मनात येईल ते वहीत लिहायचं आणि पुढच्याला रजिस्टर करायचं. एक नियम मात्र कडक होता. पुडकं हाती पडलं की त्याच दिवशी बाकीच्या तिघांना कार्ड टाकायचं. कार्डावर दोनच शब्द — वही पोचली. त्याला आम्ही ‘पोच’ म्हणायचो. आम्ही चौघं एकमेकांना वर्षातून एकदासुद्धा भेटत नसू, पण ती दोन शब्दांची कार्डं आली की गावात आपण एकटे नाही असं वाटायचं. खरंच वाटायचं. हे मी उगाच गोड करून सांगत नाही.

मग धामणगावच्या शिक्षकाची बदली चांद्याकडे झाली. तो म्हणाला, माझ्या जागी माझ्या बहिणीला घ्या, ती इथंच दिलेली आहे. सातवी पास, घरची शेती, मिरची-वांग्यांचा मळा. मला हसू आलं होतं. पण नाही कसं म्हणायचं?

द्वारकाबाई त्यांचं नाव. मिरच्यांना पाणी धरता धरता बांधावर बसून वाचायच्या. त्यांच्याकडून आलेल्या पुस्तकाला मातीची बोटं असायची. खामगावचा कारकून फार कुरकुरायचा. आणि लिहायच्या कशा? बोलायच्या तशाच. ‘मले’, ‘तिले’, ‘काऊन’. दुसऱ्याच्या लिहिण्याला हात लावायचा नाही असं ठरलेलं असूनही मी एकदा पेन्सिलीनं त्यांचं ‘काऊन’ खोडून वर ‘का’ लिहिलं. पुढच्या फेरीला त्यांनी खाली लिहिलं होतं — “गुरुजी, तुमी खोडलं ते मी वापस लिहून राह्यली. ‘का’ म्हटलं तर समोरचा हसून सोडून देते. ‘काऊन’ म्हटलं तर त्याले सांगाच लागते.”

मी हे वाचून हसलो. कंपाउंडर हसला नाही. त्यानं खाली दोन रेघा मारल्या.

आता मला तुमची अशी समजूत करून देता येईल की मला त्यांच्या भाषेची लाज वाटत होती, आणि जे झालं ते त्या लाजेपायी झालं. मी स्वतःची हीच समजूत घालत आलो. पुढाऱ्यासारखं बोलायचं तर काळच तसा होता, आम्ही न्यूनगंडानं पछाडलेलो होतो, वगैरे. लाज होतीच. पण ते कारण नव्हतं.

त्या वर्षी एक जाडजूड कादंबरी फिरत होती. एका मोठ्या घराण्याची, सात जणांच्या तोंडून सांगितलेली, पुढचं मागं आणि मागचं पुढं. मधोमध त्या घरातली थोरली सून. सगळे तिच्याबद्दल सांगतात, ती स्वतः बोलत नाही. मी पेटलो होतो. वहीत अकरा पानं लिहिली. काळाची मोडतोड, निवेदनाचे पदर, त्या बाईचं मौन म्हणजे काय आणि काय नव्हे... अकरा पानं! खामगावला त्याच सुमारास पुण्याहून एका मासिकाचे संपादक व्याख्यानाला यायचे होते. आमच्या वहीबद्दल त्यांच्या कानावर गेलं होतं, आणि त्यांनी ती बघायला मागितली होती. ती फेरी माझ्यापासून सुरू झाली, कंपाउंडर, कारकून, द्वारकाबाई आणि परत मी. परत आली की वही घेऊन मी खामगावला जायचं असं ठरलं.

वही आली. शाळेच्या टपालात, इतर पुस्तकांच्या गठ्ठ्यात. शिपायानं टेबलावर ठेवली आणि तो घंटा द्यायला गेला. मी कापड उसवलं. कंपाउंडरनं माझ्या पानांची स्तुती केली होती. कारकुनानंही. आणि त्याच्याच पानाच्या पाठीमागे द्वारकाबाईंच्या सहा ओळी.

“ह्या बाईनं एवढ्या मोठ्या पुस्तकात एकडाव बी घास नाही खाल्ला. मी दोनदा पाहून घेतलं. साऱ्यायले वाढून राह्यली. लेखकाले हे मालूम हाय का? मालूम असन तर त्यानं काऊन नाही सांगितलं? का तो बी पाटावर बसून वाढायची वाट पाहून राह्यला? गुरुजीनं अकरा पानं लिवली, पन त्यायले बी ते दिसलं नाही.”

मी कादंबरी उघडली. शाळा सुटेपर्यंत चाळत बसलो. खरं होतं. पाचशे पानांत ती बाई एकदाही जेवत नव्हती.

माझी अकरा पानं त्या सहा ओळींपुढे पोकळ झाली होती, आणि ते मलाच सगळ्यांत आधी कळलं. मला भाषेची लाज वाटली नाही हो त्या क्षणी. मला जळून राख व्हायला झालं. ही बाई? मिरच्यांना पाणी धरणारी? आणि ते शेवटचं वाक्य — ते त्या संपादकांनी वाचायचं? पान फाडावं तर पाठीमागे कारकुनाचं लिखाण. मी कापडाचा तुकडा उचलला, उलटा केला. रजिस्टरचा शिक्का नव्हता. पुडकं साधंच टाकलेलं होतं.

म्हणजे पावती नव्हती.

हे मी किती पटकन पाहिलं, ते तुम्हाला सांगायलाच हवं. रागाच्या भरात झालं असं म्हणायची सोय नाही. मी कापड उलटं करून पाहिलं. मग तीन कार्डं घेतली, आणि तिन्हींवर नेहमीच्या दोन शब्दांपुढे तिसरा शब्द लिहिला. वही पोचली नाही.

खामगावला मी गेलो. वही टपालात गहाळ झाली म्हणून हळहळलो आणि माझ्या अकरा पानांचा कच्चा खर्डा खिशातून काढून वाचून दाखवला. संपादक म्हणाले, इतक्या आडबाजूला इतकी जाण! तो लेख मासिकात आला. त्यात मी एक परिच्छेद वाढवला होता — ती बाई सबंध कादंबरीत जेवत नाही, याबद्दल. शुद्ध मराठीत.

आता तुम्हाला वाटत असेल, सांगून झालं. नाही झालं.

महिन्याभरानं द्वारकाबाई आणि त्यांचे यजमान किसनराव एसटीनं माझ्या खोलीवर आले. एकच खुर्ची होती, ती मी बाईंना दिली. किसनराव पत्र्याच्या पेटीवर बसले. त्या पेटीत, माझ्या धोतरांच्या खाली, वही होती.

पुडकं टपालात टाकायला त्यांनी श्रावणला पाठवलं होतं. श्रावण म्हणजे किसनरावांचा धाकटा भाऊ, लेकराबाळांचा माणूस. रजिस्टरची वेळ टळून गेली होती म्हणून आपण ते साधंच टाकलं, असं तो सांगत होता. घरात कोणाचा विश्वास बसेना. बाजारात कुठं विसरला असेल, रद्दीत घातलं असेल, आणि आता थापा मारतो.

“देवाची आन घेऊन राह्यला तो,” किसनराव म्हणाले. “पन गुरुजी खोटं कायले बोलतीन?”

मी खाली बघत होतो. त्यांना वाटलं मी दुःखात आहे.

द्वारकाबाईंनी पिशवीतून एक नवी कोरी वही काढली. कोरी नव्हती. मागच्या सगळ्या फेऱ्यांतलं, आम्ही बाकीच्यांनी लिहिलेलं जेवढं त्यांना आठवलं तेवढं त्यांनी पुन्हा लिहून काढलं होतं. कंपाउंडरचं, कारकुनाचं, माझं. माझ्या अकरा पानांतली सात पानं त्यांना आठवली होती — त्यांच्या बोलीत, आणि काय सांगू, माझ्यापेक्षा बरी. मी पानं उलटली. त्यांचं स्वतःचं त्यात काही नव्हतं. विचारलं तर म्हणाल्या, “माह्यं काई खास नव्हतं जी. तुमचं गेलं, त्याचं वाईट वाटते.”

तेव्हा सांगता आलं असतं. किसनरावांना म्हणायचं, जरा उठा. बस, एवढंच. दोन शब्द. मी चहा ठेवला.

जाताना किसनराव म्हणाले, आता हे वाचणं बंद गुरुजी, पुस्तकापायी घरात भावाभावांत वाकडं आलं. मी बाकीच्या दोघांना पत्र लिहिलं की झालेल्या प्रकाराबद्दल द्वारकाबाईंना कोणी दोष देऊ नये. या मोठ्या मनाबद्दल कंपाउंडरनं माझं कौतुक केलं. हे कौतुक मला तेव्हा आवडलं होतं, हेही लिहून ठेवतो. आम्ही तिघांनी वर्षभर वही चालवली आणि मग ती आपोआप थांबली. कार्ड टाकायला मजा येईना.

पुढे दहा-बारा वर्षांनी मी मोताळ्याच्या स्टँडवर बसची वाट पाहत होतो. “गुरुजी, वळखलं का?” म्हणून कोणी हाक मारली. केस पिकलेले, पण द्वारकाबाईच. मी मूर्खासारखं विचारलं, काय वाचता सध्या?

“नाही जी. सुटलं ते. आता अक्षरं पाह्यली का जीव घाबरते.”

मग स्वतःहूनच म्हणाल्या की श्रावणभाऊजी वारले, होळीच्या आधी. वहीचं झालं त्या साली दोघा भावांची चूल वेगळी झाली होती. ती पुन्हा एक झाली नाही. भाऊजी खोटारडे, हे भावकीत जे एकदा ठरलं ते ठरलं. त्यांच्या पोरीची सोयरीक जुळायची होती तेव्हासुद्धा कोणीतरी ते काढलं. शेवटच्या आठवड्यात द्वारकाबाई त्यांना पाहायला गेल्या होत्या.

“माहा हात धरून म्हणे, वयनी, म्या टाकली होती तुमची वही. तवा बी तेच. आता तुमीच सांगा गुरुजी, मरताना तरी मानसानं खरं बोलाव का नाही?”

त्या माझ्याकडे पाहत होत्या. खरंच विचारत होत्या त्या. त्यांना इतक्या वर्षांत कुठंतरी शंका आली होती, आणि ती माझ्याकडूनच एकदाची मिटवून घ्यायची होती. बस फलाटाला लागत होती. लोक दाराकडे धावले. मला वेळ होता.

मी म्हणालो, “हो, बोलावं.”

त्यांनी मान हलवली आणि पदरानं डोळे पुसले. म्हणाल्या, “मंग बरोबरच केलं मी. हात सोडवून आली होती त्यायचा.”