अकरा वाजेपर्यंतच्या मोटारी

कार्तिक पौर्णिमा होऊन गेलेल्या आठवड्यातला गुरुवार, सकाळचे नऊ. तेलंगणातल्या बेल्याच्या बाजूच्या एका गावात मराठी शाळेच्या ओसरीवर आम्ही सहा जण बसलो होतो: मुख्याध्यापक बाई, तीन शेतकरी पालक, गावचा वायरमन आणि मी. रक्कम होती चौदा हजार रुपये. आदल्या दिवशी गावची डीपी, म्हणजे विजेचा ट्रान्सफॉर्मर, जळाली होती. ती उतरवून आदिलाबादला नेणं, दुरुस्त झालेली आणून चढवणं, ट्रॅक्टर आणि माणसं धरून वायरमनने हा आकडा काढला होता. ती जळाली माझ्या एका तासापायी, म्हणून मी पैसे घेऊन आलो होतो.

मी आदिलाबादेत शिक्षक होऊ पाहणाऱ्या मुलामुलींना शैक्षणिक तंत्रज्ञान शिकवतो. या कामाला बावीस वर्षं झाली. पहिल्या तासाला मी काहीच चालू करत नाही. एकेकाला काळ्या पडद्यासमोर उभं करतो आणि सांगतो, वीज गेली आहे, शिकवा. पुष्कळ जण चिडतात. माझं म्हणणं एवढंच, की जे पुस्तकात आहे तेच मोठ्या अक्षरात दाखवायचं असेल तर यंत्राची गरज नाही. एरवी जे दाखवता येत नाही ते दाखवण्यासाठी ते आहे. दुसरं असं, की यंत्र आपली भाषा घेऊन येतं. ती मुलाची भाषा नसेल तर मूल त्याच्यासमोर नुसतं बसून राहतं.

या शाळेत तेच झालं होतं. भिंतीवर मोठा डिजिटल पॅनल आला, त्यातले धडे तेलुगू आणि इंग्रजी. पहिली ते पाचवीची सतरा मुलं, सगळी मराठी बोलणारी. तेलुगू त्यांनी बाजारात ऐकलेली. जूनमध्ये कुणकुण लागली की ही शाळा नाल्यापलीकडच्या, चार किलोमीटरवरच्या तेलुगू शाळेत मिसळणार. एक अधिकारी पाहायला येणार होते. मुलं पॅनलवर शिकताना दिसली तर शाळा इथेच ठेवा, अशी शिफारस ते करणार होते. मुख्याध्यापक बाई माझ्या जुन्या विद्यार्थिनी. त्यांचा फोन आला. "सर, तुमीच शिकवलं हे सगळं. आता तुमीच वाचवा."

पोळ्यापासून दिवाळीपर्यंत आम्ही दोघांनी मराठीतून अकरा धडे तयार केले. अपूर्णांकाच्या धड्यात ज्वारीची भाकर होती. बोटाने तुकडे सरकवून अर्धी, पाव, पाऊण जुळवायची. पॅनलला हात लावण्याआधी मुली हापशावर हात धुऊन यायच्या. कुणी सांगितलं नव्हतं.

अडचण विजेची होती. हरभऱ्याला पाणी देणं सुरू होतं. दिवसा विहिरींवरच्या मोटारी चालू असल्या की दाब इतका उतरायचा की पॅनल बंद पडायचा. म्हणून आदल्या रविवारी मी मारुतीच्या देवळात गावाला विनंती केली, की बुधवारी दहा ते अकरा मोटारी बंद ठेवा.

"एकच घंटा ना?" एकाने विचारलं.

"अकराच्या वर एक मिनिट नाही. माझा शब्द."

"मास्तर लोकाइचा घंटा आमाले माहीत हाय. थो संपता संपत नाही."

सगळे हसले. एका बापाच्या दोन मुली या शाळेत होत्या, एक पाचवीत, एक दुसरीत. तो म्हणाला, "मी दोन घंटे बंद ठेवतो, सर."

"तुह्या विहिरीत पाणी कुठं हाय? तू दोन दिवस बंद ठेव ना!"

देवळातल्या भोंग्यावरून दहाला आणि अकराला पुकारा करायचं एका म्हाताऱ्या गृहस्थांनी अंगावर घेतलं.

बुधवारी दहाला एकूण एक मोटार बंद झाली. अधिकारी आले पावणेअकराला. बाई म्हणाल्या, अजून अर्धा तास मागून घेऊ. मी नको म्हणालो. लोकांनी माझ्या शब्दावर मोटारी बंद केल्या होत्या, आणि तो धडा दहा मिनिटांचा होता.

अधिकाऱ्यांनी आधी हजेरी पाहिली, मग त्या बापाची पाचवीतली मोठी मुलगी पुढे आली. तिने अर्धी भाकर आणि पाव भाकर सरकवून शेजारी लावली. अधिकारी खुर्ची पुढे ओढून बसले. लहान मुलं आपोआप बोलू लागली, पाऊण, पाऊण. तेवढ्यात भोंगा वाजला. "अकरा वाजले हो. चालू करा मोटारी. शाळेच्या कामाले साथ देल्याबद्दल समद्याइचे आभार."

लोक स्टार्टरपाशी उभेच होते. एका दमात तिसाच्या वर मोटारी सुरू झाल्या. पंखा मंदावला, पॅनल काळा झाला आणि बाहेर डीपीवर मोठा आवाज झाला. फ्यूज वितळून डीपी वाचायला हवी होती, पण बारीक तार सारखी जळते म्हणून गावाने तिथे जाड ॲल्युमिनियमची तार बांधली होती. चालू मोटारींचा लोड मी वायरमनबरोबर बसून काढला होता. सुरू होताना मोटार त्याच्या कितीतरी पट वीज ओढते. त्या सगळ्या एकदम सुरू होतील हे कुणाच्याच डोक्यात आलं नाही, कारण त्या गावात आजवर कुणीही दुसऱ्याच्या बरोबर मोटार सुरू केलेली नव्हती.

बाईंनी आपल्या डब्यातली भाकर काढली आणि तास पुढे चालवला. मुलीने ती तोडून अर्धी केली, पाव केली, जुळवून दाखवली, आणि पाऊण म्हणजे काय ते दुसरीतल्या बहिणीलाही समजावलं. मी पूर्ण गुण दिले असते असा तास.

"मास्टरसाब, बच्चे होशियार हैं," अधिकारी म्हणाले. "मगर मेरेकु पॅनल का लिखना है। चालू है या बंद, दोइच खाने हैं।"

"लाइट गई है साब। आपके सामने चालू था।"

"दोइच मिनिट चला," अधिकारी म्हणाले.

माणूस वाईट नव्हता. त्यांनी चहा घेतला, दुपारी एकपर्यंत वाट पाहिली. वीज आली नाही. त्यांनी 'बंद'च्या रकान्यात खूण केली आणि ते गेले. मी मुलांसमोर खडू हातात धरून उभा राहिलो.

गुरुवारी ओसरीवर मी पाकीट पुढे केलं.

"ठेवा खिशात," एक पालक म्हणाला.

"काऊन ठेवा?" दुसरा उसळला. "शिकवाले आले आन् हरभरा वाळवला. आठ दिवस पाणी नाही आता."

"मोटर तूच दाबली ना? सर आले व्हते काय तुह्या वावरात?"

वायरमनने मोटारीमागे वर्गणी ठरवली. माझं पाकीट कुणी घेतलं नाही. तिसरा पालक म्हणजे दोन मुलींचा बाप. त्याने मला विचारलं, "शाळा गेली ना, सर?"

"कागद यायचा आहे."

"म्हंजे गेली. मोठीले मी पाठवीन नाल्यापलीकडं. लहानीले तिची माय नाही पाठवत. थे घरी बसन." तो उठला आणि पायात वहाणा घालून वावराकडे गेला.

कागद संक्रांतीनंतर आला. बाईंची बदली उटनूरकडे झाली. मुलगे सायकलने नाहीतर बापाच्या गाडीवर जाऊ लागले. मुलींसाठी एक ऑटोवाला तयार झाला, महिन्याला सहाशे रुपये दर मुलीमागे. ते कुणाला जमणारं नव्हतं. मी घरी विषय काढला. आमच्या मुलाची कॉलेजची फी त्याच महिन्यात होती.

"किती महिने देणार?" बायकोने विचारलं.

"एप्रिलपर्यंत. तीन महिने."

"आणि जूनपासून?"

मी जेवत राहिलो.

मुली सात होत्या. दोघींच्या घरचे नाहीच म्हणाले. त्यातली एक दुसरीतली लहानी. उरलेल्या पाच मुलींचे, सहाशे दराने तीन महिन्यांचे, नऊ हजार रुपये मी ऑटोवाल्याला रोख दिले.