जीपचे ब्रेक

दादा गेल्याचा फोन आला तेव्हा मी कल्याणहून मुरबाडच्या एसटीत बसलो होतो. मांडीवरच्या पिशवीत चौदा फूट ब्रेकची केबल होती. ती त्याच्याचसाठी होती.

विष्णूदादा माझा चुलतभाऊ. तीस वर्षं ट्रक चालवून घरी बसला आणि दोन वर्षांत वहिनी अंथरुणाला खिळल्या. त्यांना बसवत नाही. त्यांची नव्वदीची आई माळशेज घाटाच्या वर, माहेरी. एकदा बघायचंय, एवढंच त्या म्हणत. दादाने जुन्या ट्रकची साडेसात टन पेलणारी चासी घेतली, तिच्यावर पत्र्याची खोली उभारली. आत पलंग, मोरी, खिडकी. गावातली शेवटची तीन किलोमीटर वाट अरुंद, तिथून त्यांना जीपमध्ये आडवं निजवून न्यायचं, म्हणून जीप मागे ओढत न्यायचं ठरलं.

मी शहापुरात वजनकाट्यावर असतो. गवताची गाडी काट्यावर घेतो तशी त्याची गाडीही आधी रिकामी, मग भरलेली घेतली. पलंगावरून वहिनी म्हणाल्या, "भावजी, माझं तेवढं वेगळं काढू नका हां." पाच टन दोनशे चाळीस भरली. मुरबाडला परतताना दादा दर थोड्या वेळाने मीटरवरचे किलोमीटर मोठ्याने सांगे, मागे वहिनींना कळावं म्हणून... त्या दिवशी त्या खूप हसल्या.

आकडे मांडून मी सांगितलं, चासीला ओझं जड नाही. पण परतताना घाट उतरायला लागलास की सोळाशे किलोंची जीप मागून रेटेल आणि तिचे ब्रेक दाबायला तिच्यात कोणी नसेल. ट्रकमधून जीपचे ब्रेक लागतील अशी केबल बसव, मगच नीघ. तो म्हणाला, "तुझा हिशोब बरोबर हाय रे. पण टाइम नाय." तरी थांबला. माझा शब्द तो मोडत नसे. गॅरेजवाल्याच्या तारखांत पाच आठवडे गेले, मग एका सकाळी चहा पिता पिता दादाचं हृदय थांबलं.

बाराव्याला निरोप आला, वहिनींची आईही गेली. त्या दुपारी मांडवात बसलो असताना मला सुचलं, की जीप ओढायचीच कशाला? मी ती मागून चालवत नेली असती. मला जीप येते. दादाने कधी कोणाकडे मदत मागितली नाही आणि मी पाच आठवडे वजनं मांडत राहिलो...

वहिनी अजून गाडीतच झोपतात. बॅटरी उतरू नये म्हणून दर रविवारी मी इंजिन दहा मिनिटं चालू ठेवतो. पलंग थरथरतो. मागून त्या विचारतात, "किती झाले?"

मी मीटर बघून सांगतो, दोन लाख अकरा हजार चारशे सहा. गेल्या रविवारीही तेवढेच होते.