अस्सल जपानी, मुक्काम मुलुंड

वयाच्या बावन्नाव्या वर्षी मी मोटार चालवायला शिकलो. त्याआधी शिकलो नाही, यामागे तत्त्व वगैरे काही नव्हते. हॉर्न वाजवणे मला उद्धटपणाचे वाटत असे, इतकेच. मोटार शिकवणाऱ्या गृहस्थांनी पहिल्याच दिवशी बजावले होते, की प्रत्येक रिक्षावाल्याची परवानगी मागत बसलात तर भांडुपला पोचेपर्यंत दिवाळी येईल. आजही हॉर्न वाजवून झाल्यावर मी मनातल्या मनात क्षमा मागतो.

शिकण्याचे कारण मामांची गाडी. चाळीसएक वर्षांपूर्वी परदेशी वकिलातीतला कुणी अधिकारी मायदेशी परतताना ती विकून गेला आणि मामांनी, घरात कुणालाही न विचारता, ती घेतली. दोन दारांची, बुटकी, लांब नाकाची जपानी स्पोर्ट्स कार. तिचे पुढचे दिवे बटण दाबले की झाकणासकट वर येत. त्यांतला डावा हल्ली अर्ध्यावरच थांबतो, त्यामुळे ती समोरच्याला डोळा मारते आहे असे वाटते. मागच्या आसनावर माणूस बसू शकत नाही, फार तर भाजीची पिशवी बसते. ताशी शंभरच्या वर वेग गेला, की चालकाला सावध करण्यासाठी आत एक नाजूक घंटी किणकिणते, असे म्हणतात. मुलुंडमध्ये ती कुणी ऐकलेली नाही.

मामा गेल्यानंतर गाडी सोसायटीच्या खांबाशेजारी ताडपत्रीखाली उभी होती. मामींनी ती मला द्यायचे ठरवले, पण एका अटीवर. नावावर करण्याच्या फॉर्मवर त्या सही करणार होत्या, मात्र मी त्यांना घाटकोपरला त्यांच्या बहिणीकडे नेऊन परत आणल्यावर. दिवस ठरला तेव्हा मी, खाली पोचलो की फोन करतो म्हणालो, तर म्हणाल्या, "फोन कशाला? तू खाली आलास की कळेलच मला." या वाक्याचा अर्थ मी तेव्हाच विचारायला हवा होता.

तीन महिने गाडी दुरुस्तीसाठी एका बंद पडलेल्या कारखान्याच्या शेडमध्ये होती. तिथे दर रविवारी जुन्या जपानी गाड्यांचे सहा-सात भक्त जमत. त्यांचे प्रमुख दातांचे डॉक्टर होते. त्यांची स्वतःची गाडी नऊ वर्षे जागची हललेली नव्हती, कारण तिला लागणारा कार्बोरेटर त्याच सालचा हवा होता आणि त्या सालचा कार्बोरेटर जगात कुणी विकायला तयार नव्हते. त्यांना त्याचे दुःख नव्हते. उलट, चालू गाडीच्या मालकांकडे ते काहीशा करुणेने पाहत. काळाशी इमान, हा त्यांचा लाडका शब्दप्रयोग. गाडी ज्या सालची, त्या सालानंतर जन्मलेली एकही वस्तू तिच्यात असता कामा नये. एका सदस्याने गाडीला शोभावी म्हणून ऑक्टोबरच्या उकाड्यात पॉलिएस्टरचा मोठ्या कॉलरचा शर्ट आणि बेलबॉटम चढवली होती; त्याला घेरी आली तेव्हा त्याला पाजायचे पाणी प्लास्टिकच्या बाटलीत असल्यामुळे गाडीपासून चार पावले लांब नेऊन पाजले.

डॉक्टरांनी माझ्या गाडीची तपासणी केली ती माझे तोंड तपासावे तशी. खिशातून छोटी विजेरी काढली, वाकले, आणि हळहळत कीड मोजू लागले. दारांवरचे आरसे नंतर बसवलेले. मूळचे आरसे बॉनेटच्या दोन्ही बाजूंना, हाताच्या टप्प्याबाहेर, नाकतोड्याच्या मिशांसारखे असायला हवेत. आसनांवरची टर्किश टॉवेलची कव्हरे म्हणजे तर अत्याचार. स्क्रूच्या डोक्यावर बारीक ठिपका नसेल तर तो स्क्रू जपानी नव्हे. मी दर वाक्याला मान डोलावत होतो. मी महाविद्यालयात इतिहास शिकवतो. कुणी ठामपणे साल सांगितले की मला लगेच आदर वाटतो.

मग त्यांनी मला रिव्हर्स गिअर टाकायला लावला. मागच्या बंपरखाली बसवलेल्या छोट्या पेटीतून एका आरतीची चाल वाजू लागली, किरट्या सुरात. ती पहिली ओळ पुरी करीत नसे. मधेच दम लागल्यासारखी थांबे आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू होई. एकेकाळी मुंबईतली निम्मी वाहने मागे जाताना असे काहीतरी वाजवीत.

डॉक्टरांनी डोळे मिटून घेतले. "सर, हे आजच्या आज काढा," ते म्हणाले. "हे ऐकून तिकडचा इंजिनिअर रडेल."

तिकडच्या त्या अनोळखी इंजिनिअरला रडवायचे धैर्य माझ्यात नव्हते. पेटी निघाली. कव्हरे निघाली, दारांचे आरसे जाऊन बॉनेटवर मिशा आल्या. शेवटच्या रविवारी गाडी इतकी अस्सल झाली होती, की तिच्यात बसताना मला माझ्या चष्म्याची लाज वाटली.

ठरलेल्या दिवशी मी ती मामींच्या सोसायटीत आणली. मामांची जागा खांब आणि पंपाच्या खोलीच्या मधली. तिथे गाडी मागे घेतच लावावी लागते. सात खेपांत लावली. त्या मिशांच्या आरशांत मला खांबाऐवजी फक्त आकाश दिसत होते. मग मी खाली उभा राहिलो. मामींना कळणारच होते. पाच मिनिटे झाली, वीस झाली. तिसऱ्या मजल्याकडे पाहून हाक मारणे मला जमणाऱ्यातले नव्हते आणि फोन करायची त्यांनी मनाई केली होती. त्यांचा विचार बदलला असावा, अशी मी स्वतःची समजूत घालू लागलो. पाऊण तासाने जिना चढलो.

मामी ठेवणीतली साडी नेसून, पर्स मांडीवर घेऊन, दाराकडे तोंड करून बसल्या होत्या. ओट्यावर दोन कपांचे पाणी मोजून ठेवलेले होते.

"जमलं नाही ना?" त्या म्हणाल्या. "मला वाटलंच. गाडी ठेवलीस कुठे?"

मी खाली असल्याचे सांगितले. त्या उठून खिडकीशी गेल्या आणि बराच वेळ वाकून पाहत राहिल्या.

"वाजली नाही ती."

मी खुलासा केला. तो चांगला सविस्तर केला, वर्गात करतो तसा. ती पेटी गाडीच्या काळातली नव्हती, इथवर आलो तेव्हा त्यांनी मला थांबवले.

"कुठल्या काळातली नव्हती? अरे, पंचवीस वर्षं ती वाजली की मी चहा टाकायचे. हे गाडीला कुलूप लावून तीन जिने चढून येईपर्यंत उकळी यायची. तो काळ काय शेजाऱ्यांचा होता?"

तीस वर्षे मी मुलांना पुरावा कसा जपावा हे शिकवत आलो आहे.

"ती खालची दे पाठवून जपानला," मामी म्हणाल्या. "माझ्या जागेत आमची गाडी लागते." फॉर्म त्यांनी शोकेसमध्ये कपबश्यांच्या मागे ठेवला आणि त्या रिक्षाने घाटकोपरला गेल्या.

पुढच्या रविवारी मी शेडवर गेलो. टॉवेलची कव्हरे गाड्या पुसायला वापरून झाली होती. पेटी मात्र डॉक्टरांपाशी होती, मऊ फडक्यात गुंडाळून ठेवलेली. मधल्या काळात त्यांनी कुठेतरी वाचले होते, की अशा स्थानिक जोडण्यांना आता परदेशी संग्राहकांत मान आहे. मुंबईत धावलेल्या गाडीचा तो अस्सल पुरावा असून ती आपल्या गाडीला बसवण्याचा त्यांचा मानस होता. नऊ वर्षे पुढे न गेलेली ती गाडी मागे जाताना आरती वाजवणार होती.

"ती माझ्या मामींची आहे," मी म्हणालो. "द्या."

वाक्य माझ्याच तोंडून आले याची मी खात्री करून घेतली. डॉक्टरांनी पेटी दिली आणि शांतपणे सांगितले, की मग ही गाडी रविवारच्या रांगेत उभी करता येणार नाही. फार तर फाटकाबाहेर, प्रेक्षकांच्या वाहनांत.

पेटी बसवली. दारांचे आरसेही पुन्हा लावले. सोसायटीत शिरून रिव्हर्स टाकला आणि आरती अर्ध्या ओळीत धापा टाकू लागली. पहिल्या मजल्यावरची एक खिडकी उघडली. खांब फार जवळ आला म्हणून मी गाडी पुढे घेतली, पुन्हा मागे, पुन्हा आरती. असे पाच वेळा झाले. वर गेलो तेव्हा मामी गाळण्यातून काळपट काहीतरी गाळत होत्या.

"ह्यांची एकदाच वाजायची," त्या कप पुढे करत म्हणाल्या. "पी आता. आटलाय."

मी तो कडू चहा प्यायलो आणि त्यांना घाटकोपरला नेऊन आणले. वाटेत विक्रोळीला त्यांनीच हात लांब करून दोनदा हॉर्न वाजवला. परतल्यावर मी फॉर्मचा विषय भीतभीत काढला. त्या म्हणाल्या, एका खेपेत लागू दे, मग बघू. फॉर्म अजून कपबश्यांच्या मागेच आहे. दर रविवारी आम्ही घाटकोपरला जातो आणि येतो. सध्या मी तीन खेपांवर आहे. चहा आटायचा थांबला आहे, पण तो अजून जरा जास्तच उकळतो.