बांधाबाहेरची तिवरं

माझ्या चुलत दिराने बांधाबाहेरची तिवरं तोडली, तो दिवस मी विसरलेले नाही आणि विसरणारही नाही. रेवसच्या बाजूला आमची शेती खाडीला लागून आहे, मध्ये फक्त मातीचा बांध. त्याचा एकेक तुकडा एकेका घराचा. दर उन्हाळ्यात ज्याने त्याने आपल्या तुकड्यावर चिखल-दगड घालायचे. बांधाबाहेर खाडीच्या चिखलात तिवरांची, म्हणजे खारफुटीची झाडं. लग्न होऊन आले तेव्हा सासूने पहिल्याच आठवड्यात बजावलं होतं, गुरांना पाला हवा तेवढा तोड, खोडाला कोयता लावायचा नाही. लाट आधी झाडांवर आपटते, मग बांधाला लागते, हे आमच्या गुरांनाही ठाऊक असावं.

दिराला मात्र नव्हतं. त्याला शेत मुंबईच्या पार्टीला विकायचं होतं आणि पार्टीला बंगल्यातून खाडी दिसायला हवी होती. चार दिवसांत त्याने आपल्या तुकड्यापुढची तिवरं साफ केली. माझ्या नवऱ्याने हटकलं तर म्हणाला, झाडंच ती, परत उगवतील.

पावसाळ्यात मोठ्या उधाणाला बांध नेमका तिथेच फुटला. खारं पाणी त्याच्या शेतात शिरलं आणि तिथून आमच्या. लावणी नुकतीच आटपली होती. आठ दिवसांत रोपं पिवळी पडून झोपली. गावाने बांध परत घातला, पण जमिनीतलं मीठ लगेच जात नाही. शेतकऱ्याच्या घरात तीन वर्षं रेशनचा तांदूळ शिजला. नवरा म्हणायचा, जाऊ दे, भाऊबंद आहे. मी जाऊ देणारी नव्हे.

तिवराचं बी पावसात गळतं, चपटं, पावट्यासारखं. मी पाटीभर वेचलं आणि भर दुपारी ओहोटीला, गुडघाभर चिखलात उतरून त्याच्या तुकड्यापुढे दाबत गेले. कुणी विचारलं तर खेकडे पकडतेय म्हणायचे. बाकीचे झाडं लावताना देवाचं नाव घेत असतील, मी दिराचं घेतलं, शिव्यांसकट. निम्मं बी भरतीने नेलं. दुसऱ्या वर्षी दुप्पट लावलं.

तिवर तोडणं गुन्हा आहे, त्याच्याजवळ बांधकामही करता येत नाही. पहिल्या वेळी भाऊबंदकीपायी कुणी तक्रार केली नाही. या वेळी मी करणार, हे दिराला पक्कं ठाऊक होतं, म्हणून वर आलेल्या रोपांना त्याने हात लावला नाही.

पाचव्या वर्षी झाडं डोक्यावर गेली. बांध फुटल्यावर मागे हटलेल्या पार्टीचा माणूस पुन्हा जमीन बघायला आला, बांधावर उभा राहिला, इथे परवानगी मिळायची नाही म्हणाला आणि गाडीत बसला. दीर तडक आमच्या ओटीवर आला.

"वयनी, ह्ये तू लावलंस ना?"

"व्हय भावजी. पाला न्या गुरांना पायजे तवढा. खोडाला हात लावू नका."

इतकं गोड मी आयुष्यात कुणाशी बोललेले नाही. तो गेल्यावर मी स्वतःसाठी कपभर चहा केला आणि सावकाश प्यायले.

यंदाच्या उधाणाला लाटा तिवरांत शिरल्या आणि तिथेच बसल्या. बांधाला ओरखडा नाही. माझं भात उभं आहे. पण जमीन विकली गेली नाही म्हणून त्यानेही नाइलाजाने भात लावलं. तेही पोटरीला आलंय, लोंब्या बाहेर पडायच्या बेतात, माझ्यापेक्षा दाट. माझ्याच झाडांनी राखलेलं. ते काही माझ्याच्याने बघवत नाही.