धावेचं रिंगण

सन १९३५. माझं वय तेव्हा चौतीस. सीताबर्डीच्या मोठ्या सडकेवर माझं टांग्याची चाकं करायचं दुकान होतं, त्याआधी तिथंच माझ्या बापाचं होतं. मी तिसरीपर्यंत शिकलो, तेव्हा लिहिताना माझे ऱ्हस्व-दीर्घ चुकतील. चाक मात्र माझं कधी चुकलं नाही. चालवणाऱ्यांना विचारा म्हटलं असतं, पण आता त्यांतलं कोणी उरलं नाही.

माझ्या लहानपणी ती सडक लाल मुरमाची होती. बैलगाडीवरच्या टाकीतून सकाळी पाणी शिंपत जायचे, तरी दुपारपर्यंत दुकानदारांच्या मिशा तांबड्या व्हायच्या. टांगे, बैलांच्या हलक्या रेंग्या, घोडी, बैल, सगळं त्याच धुळीत. चाकावर लोखंडी धाव, म्हणजे बाहेरचं कडं, चढवायची तर आम्ही सडकेच्या कडेलाच चढवत असू. धाव जमिनीवर आडवी ठेवायची, भोवती गोवऱ्या रचून पेटवायच्या. लाल झाली की चौघांनी सांडशीनं उचलून लाकडी चाकावर बसवायची आणि पाणी ओतायचं. लोखंड आवळतं आणि चाकाचे सगळे सांधे कुरकुरत जागेवर बसतात. तो आवाज ऐकायला येणारेजाणारे थांबत. आमच्या दारासमोर त्या जाळाचं काळं रिंगण कायमचं पडलं होतं. सडक सरकारची असेल, रिंगण आमचं, असं बाप म्हणे. मीही म्हणे.

मग विजेचे खांब आले, मोटारी आल्या. समोरची खानावळ उठली, तिथं काचेच्या कपाटांचं कापडाचं दुकान निघालं. आणि त्या उन्हाळ्यात डांबर आलं. रूळ माझ्या रिंगणावरूनही फिरला.

सडकेच्या कामावरचा मुकादम भला माणूस. मला म्हणाला, "मिस्त्री, आता इथं गोवऱ्या पेटवू नका. नागनदीच्या काठी मोकळी जागा हाये. सायबाले इचारून ठेवलं मी."

"माह्या बापानं इथंच धावा चढवल्या. सडक मागून आली."

"बाप गेला, सडक रायली. आता काय करता?"

"धाव चढवतो."

समोरचा कापडवाला गादीवरून ओरडला, "चढवू द्या गा त्यायले! मिस्त्री, गोवऱ्या आणल्याच हायेत त निखाऱ्यात चार रोडगेही भाजा. वांग्याची भाजी मी आणतो."

सगळे हसले. मी हसलो नाही. दुसरं कोणी असतं तर नदीवर गेलं असतं. पण त्या हसण्यानंतर जाणं मला जमण्यासारखं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी बापाच्या वेळचा एक म्हातारा टांगेवाला चाक घेऊन आला. त्याचा टांगा विटांवर टेकवून आम्ही चाक काढलं. घोडीला पाणी दाखवून येतो म्हणून तो गेला. मी गोवऱ्या मांडल्या, त्याच जागेवर. डांबर म्हणजे वरून दिलेला काळा लेप, जळेल आणि जाईल, एवढीच माझी समज.

धाव लाल व्हायच्या आधीच खालची सडक शिजू लागली. लोखंड आत बसलं. चौघांनी उचललं तर डांबराच्या तारा निघाल्या, धूर असा की डोळे उघडेनात. तशी धाव चाकावर कशी बसणार? टाकून दिली. समोर कापडवाला उठून उभा राहिलेला दिसला.

तेव्हा मी पाणी ओतलं असतं तर डांबर थिजलं असतं. पाणी भरून ठेवलेलंच होतं. पण पाण्यानं राख वाहून गेली असती आणि खालचा चर सगळ्या बाजारानं पाहिला असता. मी निखारे बाजूला ओढले आणि चरावर राख सारखी पसरून दिली.

तेवढ्यात म्हातारा घोडीचा लगाम धरून आला. त्याला वाटलं, राख म्हणजे काम झालं. वर्षानुवर्षं तो राखेवरूनच माझ्या दाराशी येत होता. घोडीचा पुढचा पाय चरात गेला. ती कशी ओरडली ते मला लिहिता येत नाही. पाय उपसून ती गुडघ्यावर पडली. खुराच्या वर डांबर चिकटलं होतं, ते ओढलं तर कातडं येत होतं.

"जवसाचं तेल आण वं!" मी घरात हाक मारली. बायको भांडं घेऊन धावत आली. म्हाताऱ्यानं घोडीचं डोकं मांडीवर घेतलं, मी तेल चोळत बसलो. तो मला शिवी देईल असं वाटत होतं. त्यानं एवढंच विचारलं,

"राख काहून टाकली गा?"

मी भांड्यातलं उरलेलं तेल घोडीच्या पायावर ओतलं. तो लंगडत्या घोडीला चालवत घेऊन गेला. महिनाभर त्या घोडीनं टांगा ओढला नाही. सडकेतला तो चर मुकादमानं मागाहून बुजवला, तरी रिंगणाचा डाग पुढं कितीतरी वर्षं दिसत होता.

पण ते मागाहून. दुसऱ्या दिवशी सकाळी दुकानं उघडायच्या वेळेला मी ऐरण खांद्यावर घेतली आणि सडकेच्या मधून निघालो.

"कुठं निघाले मिस्त्री?" कापडवाल्यानं विचारलं.

"नदीवर," मी म्हणालो.

ऐरण ठेवून परत आलो, गोवऱ्या नेल्या. मग म्हाताऱ्याचं चाक नेलं, आणि काठावरच्या मातीत जाळ करून पहिली धाव त्याच्या चाकावर चढवली.